ब्रूक, गोलोवकिन आणि तेरा पौंड

विजेत्या बॉक्सरनं आपला वजनगट सोडून वरच्या गटातल्या माणसाशी लढावं का, या वादात दोन्ही बाजूंकडे ठरलेली नावं असतात. एकजण १९८७ चा शुगर रे लेनर्ड काढतो, ज्यानं मार्विन हॅगलरला गुणांवर हरवलं. दुसरा लगेच २००४ चा ऑस्कर डी ला होया काढतो, जो बर्नार्ड हॉपकिन्सचा एक ठोसा यकृतावर बसल्यावर नवव्या फेरीत गुडघ्यांवर आला आणि उठलाच नाही. अशा भेंड्या रात्रभर खेळता येतात. त्यातून हाती काही लागत नाही, कारण दर वेळी गोष्ट निकालापाशी थांबते. निकालाआधी कुणी काय तोललं आणि निकालानंतर त्या बॉक्सरचं काय झालं, हे कुणी बघत नाही.

म्हणून इथे एकच प्रकरण घेतलं आहे, केल ब्रूकनं २०१६ मध्ये वरच्या गटातल्या गेनाडी गोलोवकिनशी केलेल्या लढतीचं, आणि ते लढतीच्या रात्रीपाशी थांबवलेलं नाही. अशा नोंदींत एरवी नावं झाकायची पद्धत आहे. पण ही लढत जगानं पाहिली आहे, त्यामुळे रिंगमधल्या आणि कॉर्नरमधल्या (म्हणजे फेऱ्यांच्या मधे बॉक्सरला सांभाळणाऱ्या) माणसांची नावं झाकण्याचं नाटक करण्यात अर्थ नव्हता. बाकी कुणाची नावं नाहीत.

पार्श्वभूमी

केल ब्रूक इंग्लंडमधल्या शेफील्डचा. त्या शहरात विंकोबँक नावाच्या वस्तीत ब्रेंडन इंगल यांची जुनी व्यायामशाळा आहे. पावलं कुठे पडावीत हे शिकवण्यासाठी तिथे जमिनीवर रेषा आखलेल्या आहेत. नसीम हमीद तिथूनच वर आला. ब्रूक तिथे लहानपणीच गेला आणि पुढे ब्रेंडन यांचा मुलगा डॉमिनिक इंगल त्याचा ट्रेनर झाला. ही ओळख लक्षात ठेवावी, कारण या प्रकरणातला सर्वात अवघड निर्णय डॉमिनिकच्या वाट्याला आला. समोरच्या पोराला तो वर्षानुवर्षं ओळखत होता.

ऑगस्ट २०१४ मध्ये ब्रूकनं अमेरिकेत जाऊन शॉन पोर्टरला हरवलं आणि वेल्टरवेटचा, म्हणजे १४७ पौंडांचा (६६.७ किलो) आयबीएफ पट्टा घेतला. (आयबीएफ, डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीओ आणि डब्ल्यूबीए या विजेतेपदाचे पट्टे देणाऱ्या वेगवेगळ्या संघटना.) परक्या देशात, त्यांच्या विजेत्याकडून, गुणांवर पट्टा आणणं ब्रिटिश बॉक्सरला सोपं नसतं. पुढच्याच महिन्यात टेनेरिफला सुट्टीवर असताना त्याच्या पायावर सुऱ्यानं वार झाले. पाय वाचेल की नाही अशी स्थिती होती. मार्च २०१५ मध्ये तो परत रिंगमध्ये उतरला आणि वर्षभरात त्यानं तीनदा पट्टा राखला. तिन्ही लढती वेळेआधी निकाली झाल्या आणि तिन्ही प्रतिस्पर्धी असे होते की आज त्यांची नावं आठवायला प्रयत्न करावा लागतो.

दुसरीकडे गेनाडी गोलोवकिन. कझाकस्तानच्या खाणपट्ट्यातल्या कारागांडाचा, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता, मिडलवेटचा (१६० पौंड, ७२.६ किलो) विजेता. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याची नोंद ३५ लढती, ३५ विजय, त्यांतले ३२ वेळेआधी. शेवटचे सलग २२ प्रतिस्पर्धी पूर्ण फेऱ्या टिकलेले नव्हते. त्याच्या गटातले मोठे लोक त्याला टाळत होते, हे उघड गुपित होतं. मे २०१६ मध्ये कानेलो आल्वारेझनं डब्ल्यूबीसीचा मिडलवेट पट्टा सोडून दिला आणि तो लढतीशिवायच गोलोवकिनकडे आला.

पेच

ब्रूक तीस वर्षांचा होता, अपराजित होता, विजेता होता, आणि त्याच्यासमोर कुणी नव्हतं. ब्रिटनमध्ये सगळ्यांना हवी असलेली बॉक्सर अमीर खानशी लढत वर्षानुवर्षं चर्चेतच राहिली. डब्ल्यूबीओचा विजेता जेसी व्हर्गासशी पट्टे एकत्र करण्याची बोलणी झाली, पण जमलं नाही. व्हर्गासला पुढे मॅनी पॅकियाओ मिळाला.

त्यात दुसरी अडचण शरीराची. ब्रूक १४७ पौंडांसाठी मोठा होता. वजन उतरवणं त्याला दर वेळी जड जात होतं आणि वय वाढलं की ते आणखी जड जातं.

त्याच सुमारास गोलोवकिनची ख्रिस युबँक ज्युनियरशी लंडनमध्ये लढत ठरत होती. युबँक मिडलवेटचाच. ती बोलणी शेवटच्या टप्प्यावर फिसकटली. प्रमोटर एडी हर्नच्या हातात ठरलेली लढत होती, विजेता होता, लंडन होतं, फक्त समोरचा माणूस नव्हता. त्यानं ब्रूकला विचारलं. ब्रूक हो म्हणाला. जुलै २०१६ मध्ये घोषणा झाली, लढत १० सप्टेंबरला. हाताशी जेमतेम दोन महिने.

कागदावर हे भन्नाट दिसतं: दोन अपराजित विजेते आणि एक रिंग. पण १४७ आणि १६० यांच्यामध्ये १५४ पौंडांचा आणखी एक गट आहे. ब्रूक त्या पायरीवर पाय न ठेवता थेट वर जात होता.

तेरा पौंड म्हणजे नेमके किती

इथे थोडं थांबावं लागेल, कारण ब्रूकच्या बाजूचा सगळा युक्तिवाद वजनकाट्याच्या रीतीवर उभा होता आणि तो युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. १४७ पौंडांचा बॉक्सर वर्षभर १४७ पौंडांचा नसतो. शिबिरात तो हळूहळू उतरतो आणि शेवटच्या दिवसांत शरीरातलं पाणी काढतो: गरम पाण्याची आंघोळ, प्लास्टिकचा सूट, ओठ ओले करण्यापुरतं पाणी. काट्यावर उभा राहिला की लगेच पिणं-खाणं सुरू. दुसऱ्या रात्री रिंगमध्ये तोच माणूस दहा-बारा पौंडांनी जड असू शकतो. आयबीएफनं यावर तोड म्हणून तेव्हा आपल्या विजेतेपदाच्या लढतींसाठी लढतीच्या सकाळी दुसऱ्यांदा वजन घेण्याचा नियम केला होता. मर्यादेच्या वर दहा पौंडांपेक्षा जास्त चालत नव्हतं. दहा पौंडांची सूट द्यावी लागत होती, यातच सगळं आलं.

मग ब्रूकच्या गोटाचं म्हणणं असं: हा मुळात मोठ्या चणीचा माणूस, १४७ साठी स्वतःला पिळून घेतो. १६० ला त्याला पिळावं लागणार नाही. पाणी अंगात राहील, पाय ताजे राहतील, आणि रिंगमध्ये उतरताना दोघांतलं अंतर तेरा पौंड नसेल, बरंच कमी असेल.

हे बऱ्याच अंशी खरं ठरलं. काट्यावर तो सुकलेला दिसला नाही. खांदे भरलेले, चेहरा उतरलेला नाही.

पण या हिशेबात दोन गोष्टी बसत नाहीत. एक, स्नायू वाढवता येतात, हाडं वाढत नाहीत. डोळ्याची खोबण, जबडा, बरगड्या, हातांची हाडं १४७ ला जी होती तीच १६० ला राहतात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ब्रूकनं व्यावसायिक कारकिर्दीत वेल्टरवेटच्या आसपासच्या लोकांचेच ठोसे खाल्ले होते. मिडलवेटचा ठोसा खाऊन आपलं काय होतं, याची त्याला आणि त्याच्या ट्रेनरला प्रत्यक्ष माहिती नव्हती. सरावात जाड हातमोजे, डोक्याला गार्ड, आणि समोरचा पैसे घेऊन आलेला. तिथे ही परीक्षा होत नाही. ती फक्त लढतीत होते, आणि ब्रूकनं ती परीक्षा द्यायला गटातला सर्वात जोराचा ठोसा मारणारा माणूस निवडला.

समोरचे पर्याय

पहिला: १४७ लाच थांबणं. आयबीएफचा पुढचा अनिवार्य आव्हानवीर (ज्याच्याशी पट्टा ठेवायचा तर लढावंच लागतं) ठरतच होता, मोठी नावं मिळत नव्हती. सुरक्षित वाट, पण कमाई तीच आणि वजनाची कुतरओढही तीच.

दुसरा: १५४ ला एक लढत खेळून बघणं आणि मग वर जाणं. समजा आपल्याकडचा एखादा वस्ताद ही जोड लावत असता, तर त्यानं हेच सुचवलं असतं. अडचण अशी की गोलोवकिन थांबणार नव्हता. युबँकची जागा रिकामी होती ती आत्ता. वर्षभरानं ती उरली असती याची खात्री कुणालाच नव्हती आणि नंतर काय झालं ते पाहिलं तर उरली नसतीच: २०१७ मध्ये गोलोवकिन डॅनियल जेकब्सकडे आणि मग कानेलोकडे गेला.

तिसरा: मधल्या वजनावर लढत मागणं. दोघांनी ठरवलेलं, समजा १५५ किंवा १५७. मोठं नाव असलेला बॉक्सर असं मागू शकतो. कानेलो मिडलवेटचा पट्टा कमरेला बांधून १५५ वर लढत होता आणि त्याबद्दल टिंगल ऐकत होता. ब्रूककडे ती ताकद नव्हती. तो बदली म्हणून आला होता. गोलोवकिननं खाली यावं असं काही कारण नव्हतं.

चौथा: पूर्ण १६० ला, आत्ताच. बदल्यात त्याची तोवरची सर्वात मोठी कमाई, लंडनचं ओ-टू सभागृह, आणि एक मोठी सवलत: आयबीएफचा वेल्टरवेट पट्टा त्याच्याकडेच राहणार होता. हरला तरी तो विजेताच असणार होता.

ही सवलत सगळ्यांनी जमेच्या बाजूला लिहिली. तेव्हा बाहेर बसून हिशेब करणाऱ्या कुणालाही ती तशीच वाटली असती. पण पुढची गाठ तिथेच पडली.

निर्णय घेताना समोर एक ताजं उदाहरणही होतं. चारच महिन्यांपूर्वी, ७ मे २०१६ ला, लास व्हेगासमध्ये अमीर खान वेल्टरवेटहून वर जाऊन १५५ पौंडांवर कानेलोशी लढला होता. पाच फेऱ्या त्याचा वेग डोळ्यांत भरत होता. सहाव्यात एक उजवा ठोसा बसला आणि खान निपचित पडला. ब्रूकच्या माणसांनी याचा अर्थ असा लावला असावा की खान मुळात छोटा आणि जबड्यानं कच्चा, आपला पोरगा तसा नाही. ते खरंही होतं. पण खानच्या लढतीत शिकण्यासारखी गोष्ट जबड्यापेक्षा वेळेची होती. छोट्या माणसाला पूर्ण बारा फेऱ्या बिनचूक राहावं लागतं. मोठ्याला एक संधी पुरते.

निर्णय आणि त्याला आलेला एक नकार

ब्रूक, इंगल आणि हर्न यांनी चौथा पर्याय घेतला.

पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसी आणि आयबीएफनं आपले मिडलवेट पट्टे या लढतीत ठेवायला मान्यता दिली. डब्ल्यूबीएनं दिली नाही. ब्रूक मिडलवेटला कधीच लढलेला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पट्ट्यांच्या या दुकानांकडून शहाणपणाची अपेक्षा कुणी ठेवत नाही आणि त्यांच्या नकारांमागे एरवी फीचं राजकारण असतं. पण या एका वेळी त्यांचा आक्षेप कागदावर तरी बरोबर होता. मान्यता देणाऱ्या दोन्ही संघटनांनी मिडलवेटमधलं कोणतं कर्तृत्व पाहून हो म्हटलं, याचं उत्तर देता येत नाही. तसं कर्तृत्व नव्हतंच.

लढत

पहिल्या फेरीतच गोलोवकिनचा डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) बसला आणि ब्रूक हलला. अनेकांना वाटलं, संपलं. मग दुसरी फेरी आली.

ज्यांनी ही लढत पाहिलेली नाही, त्यांनी निदान ही दुसरी फेरी बघावी. ब्रूकनं गोलोवकिनच्या हातांच्या मधून अपरकट (खालून वर जाणारे ठोसे) काढले, जोडठोसे मारले, बाजूला सरकला, परत मारले. सभागृह उभं राहिलं. गोलोवकिनला कुणी असं सलग मारताना लोकांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वेग आणि नेम दोन्ही ब्रूककडे होते. वजन वाढवल्यानं तो मंदावेल ही भीती निराधार ठरली.

पण त्याच फेरीत, ब्रूकनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे, उजव्या डोळ्याला काहीतरी झालं आणि नीट दिसेनासं झालं. डोळ्याच्या खोबणीचा तळ पातळ हाडाचा असतो. समोरून जोराचा दाब आला की कडा टिकते आणि तळ फुटतो. डोळा हलवणारे स्नायू तिथे अडकू शकतात, दोन-दोन दिसू लागतं. बॉक्सरला एका डोळ्यानं अंतर कळत नाही. उजव्या बाजूनं दिसेनासं झालं की गोलोवकिनचा डावा हुक येतो तो अंधारातूनच.

आणखी एक गोष्ट त्या फेरीनं दाखवली. ब्रूकचे चांगले ठोसे बसले, स्वच्छ बसले, आणि गोलोवकिन पुढेच येत राहिला. १४७ ला त्या ठोशांनी माणसं मागे सरतात. इथे सरत नव्हती. हे समजल्यावर छोट्या माणसाची लढत बदलते: आता त्याला मारून थांबवता येणार नाही, फक्त चुकवत राहावं लागेल, आणि ते एका डोळ्यानं.

तिसऱ्या-चौथ्या फेरीतही ब्रूकची झुंज मोडली नाही. पाचव्यात गोलोवकिननं त्याला दोरांना लावलं आणि एकामागून एक ठोसे टाकायला सुरुवात केली. ब्रूक उत्तर देत नव्हता, पडतही नव्हता.

टॉवेल

पाचव्या फेरीची दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत डॉमिनिक इंगलनं टॉवेल टाकला, म्हणजे आपल्या बॉक्सरच्या वतीनं हार मान्य केली. रेफ्री मार्लन राइटनं लढत थांबवली. ब्रूक उभ्यानं हरला. संपूर्ण लढतीत तो एकदाही खाली पडला नव्हता.

ब्रूकला ते आवडलं नाही. आपण सावरत होतो असं त्याचं म्हणणं होतं. प्रेक्षकांतही कुरकुर होती, कारण बाहेरून दिसत होता एक शूर माणूस, दोन पायांवर उभा, आणि दुसऱ्या फेरीची आठवण ताजी. इंगलला मात्र मध्यंतराच्या मिनिटात जवळून दिसलेला डोळा माहीत होता. हाड मोडलं होतं हे तपासणीत निघालं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय मला हाच वाटतो. तो घेणं का कठीण होतं, हेही बघायला हवं. टॉवेल टाकणारा ट्रेनर फक्त फेरी थांबवत नाही. सभागृह, दूरचित्रवाणी आणि लाखोंचा व्यवहार तो थांबवतो, आणि पुढे आयुष्यभर ऐकून घेतो की पोरगा जिंकत होता. टाकला नाही आणि डोळा गेला, तरी त्याला कुणी फार बोलत नाही. खेळात असं होतंच, म्हणतात. म्हणजे दोषाचा सगळा हिशेब टॉवेल न टाकण्याच्या बाजूला झुकलेला असतो. त्याविरुद्ध जायला ट्रेनरला लढतीआधीच स्वतःशी काहीतरी ठरवून ठेवावं लागतं. इंगलनं ते ठरवलेलं होतं की नाही हे बाहेरून सांगता येत नाही. पण त्याचा हात वेळेवर उठला.

अगदी अशीच लढत १९७४ मध्ये पॅरिसजवळ झाली होती. वेल्टरवेटचा विजेता होसे नापोलेस वर जाऊन मिडलवेटच्या कार्लोस माँझोनशी लढला. सहा फेऱ्यांनंतर त्याच्या कॉर्नरनंच लढत थांबवली. सातव्या फेरीसाठी तो उठला नाही.

परतीची वाट

बहुतेक लेख इथे संपतात. ब्रूक हरला, पण मान राखली, पैसे मिळाले, पट्टा शाबूत. धाडसाचा सौदा बरा झाला, असा निष्कर्ष.

आता ती जमेची बाजू बघू. पट्टा शाबूत असल्यामुळे ब्रूक अजून १४७ चा विजेता होता आणि विजेत्यावर बंधनं असतात. गोलोवकिनशी लढत व्हायच्या तीन आठवडे आधी, २१ ऑगस्ट २०१६ ला, टेक्ससच्या एरॉल स्पेन्स ज्युनियरनं लिओनार्ड बुंडूला हरवून आयबीएफचा अनिवार्य आव्हानवीर होण्याचा हक्क मिळवला होता. डावखुरा, सत्तावीस वर्षांचाही नाही, अपराजित, आणि तेव्हाच जाणकारांच्या मते गटातला सर्वात धोकादायक पोरगा. म्हणजे ब्रूक वर लढायला निघाला तेव्हा खाली त्याची वाट कोण बघत बसणार आहे हे आधीच माहीत होतं.

शस्त्रक्रियेनंतर त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. पट्टा सोडून १५४ ला जाणं, किंवा परत १४७ ला उतरून स्पेन्सशी लढणं. १६० पर्यंत भरवलेलं शरीर, बरा होत असलेला डोळा, तिशी ओलांडलेलं वय. १५४ ची बाजू इतकी उघड होती की त्याच्याकडच्या लोकांनीही ती बोलून दाखवली.

तो १४७ ला उतरला. कारणं समजण्यासारखी आहेत. पट्टा रिंगमध्ये न हरता टाकून देणं बॉक्सरला पळपुटेपणा वाटतो. लढत घरच्या गावात, शेफील्डच्या ब्रॅमॉल लेन फुटबॉल मैदानावर, उघड्या आकाशाखाली होती. आणि गोलोवकिनला दुसऱ्या फेरीत हलवणारा माणूस एका वेल्टरवेटला का घाबरेल? आधीच्या लढतीत मान राहिल्यामुळे हा प्रश्न फसवा झाला होता. पाच फेऱ्यांत नामोहरम झाला असता तर कदाचित जास्त सावध राहिला असता.

२७ मे २०१७. पहिला अर्धा भाग ब्रूक तोडीस तोड होता. मग पाय जड होत गेले आणि स्पेन्सचे अंगावरचे ठोसे साचत गेले. डावा डोळा बंद होत आला. दहाव्या फेरीत तो पडला, उठला. अकराव्यात त्यानं स्वतःच एक गुडघा टेकवला आणि रेफ्रीचा आकडा दहापर्यंत जाऊ दिला. या वेळी खोबण डाव्या डोळ्याची मोडली होती.

दोन लढतींत दोन डोळे. आणि या वेळी टॉवेल आला नाही, निर्णय बॉक्सरनं स्वतः घेतला. त्याबद्दल त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. घरच्या मैदानावर बसून राहिला, असं म्हणणारे लोक होते. लंडनमध्ये इंगलनं थांबवलं तेव्हा ब्रूक शूर ठरला होता. शेफील्डमध्ये त्याच दुखापतीत स्वतः थांबला तेव्हा तो भित्रा ठरला. थांबवण्याचं काम कॉर्नरचं का असावं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

निकाल

पट्टा गेला. दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. मार्च २०१८ मध्ये ब्रूक अखेर १५४ ला लढला आणि सर्गेई राबचेंकोला दुसऱ्या फेरीत संपवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये तो पुन्हा १४७ ला उतरला, या वेळी टेरेन्स क्रॉफर्डसमोर, आणि चौथ्या फेरीत हरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मँचेस्टरला खानशी ती रखडलेली लढत १४९ पौंडांवर झाली. ब्रूकनं सहाव्या फेरीत खानला थांबवलं आणि काही महिन्यांत निवृत्ती जाहीर केली.

गोलोवकिनच्या नावावर त्या रात्री सलग तेविसावा वेळेआधीचा विजय लागला. ती मालिका पुढच्याच लढतीत जेकब्सनं तोडली. गोलोवकिनला बराच काळ उलटा टोमणा ऐकावा लागला होता: छोट्यांना वर बोलावतोस, स्वतः वरच्या १६८ पौंडांच्या गटात आंद्रे वॉर्डकडे का जात नाहीस? तो गेला सप्टेंबर २०२२ मध्ये, चाळिशीत, कानेलोशी लढायला. गुणांवर हरला.

वेगळं काय करता आलं असतं

गोलोवकिनशी लढायला जाणं मला चूक वाटत नाही. ब्रूकला दुसरी मोठी लढत मिळत नव्हती, शरीर खालच्या गटात मावत नव्हतं, आणि दुसऱ्या फेरीनं दाखवलं की तो तिथे केवळ पैसे घ्यायला गेला नव्हता. १५४ ची पायरी गाळणं धोक्याचं होतं, पण ती गाळल्याशिवाय ही लढत नव्हतीच. मी त्या खोलीत असतो तर फार तर एक गोष्ट मागितली असती: कॉर्नरमध्ये डोळ्याचं कळणारा आणि ट्रेनरहून वेगळा असा एक डॉक्टर, ज्याच्या शब्दावर लढत थांबेल. म्हणजे सगळा भार एका टॉवेलवर राहत नाही.

चूक मला पुढच्या टप्प्यात दिसते. वर जाण्याचा निर्णय झाला, खाली येण्याचा झालाच नाही. पट्टा ठेवण्याची सवलत मिळाली म्हणून परत जायचं हे गृहीत धरलं गेलं. जुलै २०१६ मध्ये सही करतानाच, शांत डोक्यानं, एवढं लिहून ठेवता आलं असतं: या लढतीनंतर १४७ कायमचं बंद, पट्टा सोडायचा, पुढची लढत १५४ ला. तेव्हा हे ठरवणं स्वस्त होतं. २०१७ मध्ये, हरल्यावर, गावाच्या मैदानाचा प्रस्ताव समोर असताना, ते महाग झालं.

याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो नापोलेसचा. माँझोनकडून हरल्यावर तो १४७ ला परतला आणि डिसेंबर १९७५ पर्यंत, जवळपास दोन वर्षं, विजेता राहिला. म्हणजे परत येणं नेहमीच घातक नसतं. फरक असा की वेल्टरवेटचं वजन नापोलेससाठी ओढाताणीचं नव्हतं. कारकिर्दीच्या सुरुवातीला तो त्याहूनही हलक्या गटांत लढला होता, त्यामुळे १४७ ला परतणं त्याच्यासाठी आपल्या जागी येणं होतं. ब्रूकला तिथे परत कोंबून बसावं लागलं. शिवाय नापोलेसची वाट बघत स्पेन्स बसलेला नव्हता.

आणि स्पेन्स ताज्यातवान्या ब्रूकलाही हरवू शकला असता, हेही मान्य करावं लागेल. पुढच्या काही वर्षांत त्यानं जे केलं ते पाहता तीच शक्यता जास्त वाटते. डावा डोळा वजन उतरवल्यामुळे मोडला असं कुणी सिद्ध करू शकत नाही. मात्र त्या मे महिन्यात १५४ ला दुसरा कुणी समोर असता तर तो डावखुरा स्पेन्स नसता, एवढं तरी नक्की. राबचेंकोसारखी एखादी लढत आधी झाली असती, उजवा डोळा कसा टिकतो ते कळलं असतं, आणि मग ब्रॅमॉल लेनचं मैदान त्याच गटातल्या मोठ्या लढतीसाठी मागता आलं असतं.